डॉ. द्वारकानाथ कोटणीस : एका डॉक्टराची झीज

आपल्या वऱ्हाडांतील शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे शेकितो. हळद व तूप लावून तो ते चोळितो. कारण वर्षभर जूं वाहून तेथें काय झालें आहे हें त्यास ठाऊक असतें. सण कोणाचा, ही गोष्ट क्षणभर बाजूस ठेविली तरी त्या कृतींत शहाणपणा आहे. जो ओझें वाहतो त्याचा खांदा पाहिला पाहिजे, हाच तो शहाणपणा होय. मनुष्यांमध्यें जे दुसऱ्यांचें ओझें वाहतात त्यांच्या बाबतींत मात्र आपण तो विसरतों.

मेळघाटांतील धारणीचा तापानें फणफणलेला मुलगा असो, कीं दर्यापूर-मूर्तिजापूरकडील सर्पदंश झालेला मजूर असो, अमरावतीच्या इर्विन दवाखान्याच्या अथवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या दारांत तो पोहोंचला म्हणजे आतां आपला मनुष्य वांचला असें त्याच्या घरच्यांस वाटूं लागतें. समोर उभा असलेला डॉक्टर मागील रात्रीं झोंपला होता कीं नाहीं, हें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. विचारण्याची ती वेळही नसते. परंतु रोगी बरा होऊन घरीं परतल्यावरही तें कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्या झिजेला अलीकडे नांव मिळालें आहे. न्यूयॉर्क येथील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नांवाचे मानसशास्त्रज्ञ दिवसभर आपला धंदा करून रात्रीं गरिबांच्या मोफत दवाखान्यांत काम करीत असत. तेथें काम करणारीं माणसें हळूहळू आंतून जळून रिकामीं होतात, असें त्यांस दिसून आलें. स्वतःचाही त्यांस तोच अनुभव आला. १९७४ सालीं त्यांनीं त्याविषयीं लिहिलें. पुढें २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांची नवी यादी मान्य केली, तींत ह्या अवस्थेची नोंद आहे. हा रोग नव्हे, तर कामाच्या ओझ्यांतून उत्पन्न होणारी अवस्था आहे असें तेथें म्हटलें असून तिचीं तीन लक्षणें दिलीं आहेत : शक्ति संपून जाणें, कामाविषयीं मनांत दुरावा किंवा कडवटपणा येणें, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं असें वाटणें.

आज ज्यांची कथा सांगावयाची आहे, त्यांच्या मनांत कामाविषयीं दुरावा आला होता असें त्यांच्या चरित्रांत कोठें दिसत नाहीं. त्यांची झीज निराळ्या प्रकारची होती. काम त्यांस प्रिय होतें, आणि त्या कामांतच त्यांचें शरीर संपलें. अशा झिजेची लोक स्तुति करितात. म्हणूनच ती ओळखूं येणें अधिक कठीण असतें.

जन्म व शिक्षण

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापूर येथें झाला. सोलापूर म्हणजे कापडाच्या गिरण्यांचें व हातमागांचें गांव. घर मध्यम स्थितीचें, आणि मुलांची संख्या मोठी. अशा घरांतील एका मुलानें डॉक्टर व्हावयाचें तर आईबापांस किती काटकसर करावी लागते, हें आपणांपैकीं ज्यांनीं मुलांस शिकविलें आहे त्यांस सांगावयास नको.

मुंबईस परळ येथें सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालय व त्यास जोडलेलें के. ई. एम. रुग्णालय आहे. १९२६ सालीं हें महाविद्यालय सुरू झालें, तेव्हां तेथें शिकविणारे डॉक्टर हिंदी असावेत असा देणगीदारांचा आग्रह होता. अशा संस्थेंत कोटणीस यांनीं शिक्षण घेतलें आणि १९३६ सालीं ते पदवीधर झाले. पुढें ते वरच्या परीक्षेची तयारी करूं लागले. ती परीक्षा उतरून मुंबईस अगर सोलापुरास दवाखाना काढावा, घरास हातभार लावावा, हा सरळ मार्ग त्यांच्यासमोर होता.

चीनकडे प्रयाण

जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर मोठी स्वारी केली. जखमी शिपायांच्या मानानें चीनमध्यें शस्त्रक्रिया जाणणारे डॉक्टर अत्यंत थोडे होते. तेथील आठव्या सेनेचे सेनापति जू दे यांनीं पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून मदत मागितली. १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस हे होते. त्यांनीं लोकांस आवाहन केलें, आणि २२,००० रुपये व एक रुग्णवाहिका एवढी मदत उभी राहिली. तिच्याबरोबर पांच डॉक्टर जावयाचे ठरले.

ह्या पांचांचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे होते. स्पेनमधील यादवी युद्धांत त्यांनीं जखमींची सेवा केलेली होती. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसु व डॉ. देवेश मुखर्जी हे दोघे होते. चौथे डॉ. मोरेश्वर चोळकर हे नागपूरचे. त्या काळीं मध्यप्रांत व वऱ्हाड असा एक प्रांत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. म्हणून चोळकर हे एका अर्थानें आपल्याच प्रांताचे होत. पांचवे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. त्या वेळीं त्यांच्या वयास अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईहून राजपुताना नांवाच्या आगबोटीनें हें पथक निघालें. हाँगकाँगवरून तें कँटन येथें पोहोंचलें व तेथून हँको येथें गेलें. परंतु युद्धाचा वणवा त्यांच्यापुढें धांवत होता. त्याच ऑक्टोबर महिन्यांत कँटन व हँको हीं दोन्ही शहरें शत्रूच्या हातीं पडलीं, आणि आपल्या डॉक्टरांस जखमींसह आंतील प्रदेशांत मागें मागें जावें लागलें. ईचांग, मग चुंगकिंग, असा तो प्रवास झाला.

चुंगकिंग येथें पांचांसही चिनी नांवें मिळालीं. प्रत्येकाच्या नांवाअखेरीस हुआ, म्हणजे चीन, हा शब्द जोडिलेला होता. कोटणीस हे के दिहुआ झाले. ह्याच नांवानें पुढें त्यांचे रोगी, विद्यार्थी व सोबती त्यांस ओळखूं लागले.

घरची बातमी

तेथून उत्तरेकडे येनान येथें जावयाची तयारी चालू असतां त्यांस घरून वडिलांच्या मृत्यूची बातमी आली. मुलाचें कर्तव्य अशा वेळीं घराकडे ओढितें. परत जावयास त्यांस कोणी अडविलें नसतें, आणि गेले असते तर कोणी दूषणही दिलें नसतें. परंतु ते गेले नाहींत. पथकाबरोबर ते पुढें निघाले व फेब्रुवारी १९३९ मध्यें येनानला पोहोंचले.

ह्या प्रसंगावर क्षणभर थांबलें पाहिजे. चरित्रकार असा प्रसंग आला म्हणजे निश्चयाची स्तुति करून पुढें जातात. ती स्तुति योग्यच आहे. तथापि दुःखालाही कांहीं वेळ द्यावा लागतो. आपल्या गांवांत मयत झालें म्हणजे शेजारीपाजारी चार दिवस त्या घरीं जाऊन बसतात, त्या घरची चूल पेटूं न देतां आपल्या घरची भाकर नेऊन देतात. शोक करणाऱ्या मनुष्याकडून त्या दिवसांत कोणी कामाची अपेक्षा करीत नाहीं. कोटणीस यांच्या वांट्यास तसे चार दिवस आले नाहींत. समोर जखमी होते आणि पुढें दूरचा रस्ता होता.

पथकही लहान होऊं लागलें. डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी १९३९ सालींच हिंदुस्थानास परतले. डॉ. अटल यांची प्रकृति बिघडल्यामुळें तेही १९४० सालीं परत आले. राहिलेल्या दोघांपैकीं डॉ. बसु यांस येनान येथें बोलाविण्यांत आलें, आणि कोटणीस आघाडीवर एकटे राहिले. स्वतःच्या भाषेंत दोन शब्द बोलावयास आतां त्यांच्याजवळ कोणी नव्हतें. त्यांनीं चिनी भाषा नेटानें शिकून घेतली. इतकी कीं तींत ते रोग्यांशीं बोलत, विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवीत आणि लिहीत.

ज्यांच्या जागीं ते गेले

जेथें कोटणीस काम करूं लागले तो प्रदेश शान्सी, चाहार व होपे ह्या तीन प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलूख होता. शत्रूनें त्यास वेढा घातला होता. दवाखाना म्हणजे खेड्यांतील घरें. शत्रु आला कीं जखमींस उचलून दुसऱ्या खेड्यांत जावयाचें. औषधांचा व उपकरणांचा सदा तुटवडा असे. तेथील गरीब लोकांचें नित्याचें अन्न राळ्याची पेज हें होतें, आणि कडाक्याची थंडी पडे.

ह्या मुलुखांत त्यांच्यापूर्वीं नॉर्मन बेथ्यून नांवाच्या कॅनडाच्या प्रसिद्ध शस्त्रवैद्यानें काम केलें होतें. बेथ्यून हे प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. १८९० सालीं त्यांचा जन्म झाला. स्पेनच्या युद्धांत त्यांनीं आघाडीपर्यंत रक्त नेऊन जखमींस देण्याची व्यवस्था उभारली होती. १९३८ सालीं ते चीनमध्यें आले. त्यांच्या मदतीस कॅथलीन हॉल नांवाची न्यूझीलंडची एक अँग्लिकन मिशनरी परिचारिका होती. ती पेकिंगला जाऊन औषधें विकत घेई आणि वेढ्यांतून लपवून आणी. हें जपान्यांच्या लक्षांत आल्यावर त्यांनीं तिला तेथून घालवून दिलें.

१९३९ च्या ऑक्टोबरअखेर एका शस्त्रक्रियेच्या वेळीं बेथ्यून यांच्या बोटास जखम झाली. हातमोजे नव्हते. जखम दूषित झाली, तरी त्यांनीं शस्त्रक्रिया थांबविल्या नाहींत. विष रक्तांत पसरलें आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं थांग तालुक्यांतील एका खेड्यांत ते वारले. त्या वेळीं त्यांचें वय ४९ वर्षांचें होतें.

कोटणीस व बेथ्यून यांची भेट कधीं झाली नाहीं. परंतु बेथ्यून यांची रिकामी जागा कोटणीस यांनीं भरली. त्यांच्या नांवानें चाललेल्या विद्यालयांत ते शिकवूं लागले, आणि जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून यांचें नांव दिलेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. रिकामी जागा भरणाऱ्या मनुष्यावर एक अदृश्य ओझें असतें. पूर्वीचा मनुष्य काम करितां करितां मेला असेल, तर पुढच्यानें विश्रांति कोणत्या तोंडानें मागावी?

बहात्तर तास

१९४० सालच्या उत्तरार्धांत चिनी सेनेनें मोठी मोहीम केली आणि जखमींचे लोंढे येऊं लागले. त्या मोहिमेंत कोटणीस यांनीं ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. एका प्रसंगीं ते सतत ७२ तास, म्हणजे तीन दिवस व तीन रात्री, झोंपेवांचून शस्त्रक्रिया करीत होते.

हा आकडा त्यांच्या प्रत्येक चरित्रांत येतो, आणि वाचणारा थक्क होतो. आम्ही वाचकांस विनंति करितों कीं, थक्क होऊन पुढें जाऊं नका. पेरणीच्या दिवसांत दोन रात्री जागरण झालें तर तिसऱ्या दिवशीं तिफण सरळ चालत नाहीं, हें शेतकऱ्यास ठाऊक आहे. तेथें तर मनुष्याच्या पोटांतील गोळी शोधावयाची होती. ते हात थरथरले नाहींत ह्याचें श्रेय त्यांच्या निश्चयास आहे. पण निश्चय हा झोंपेच्या जागीं उसनें घेतलेलें धान्य आहे. सुगी आली कीं देहाला तें व्याजासह परत द्यावें लागतें.

संसार

१९४० सालीं बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभास कोटणीस गेले असतां त्यांची ओळख गुओ चिंगलान नांवाच्या तरुण परिचारिकेशीं झाली. पेकिंगच्या प्रसिद्ध रुग्णालयांत शिकलेली ही बाई वर सांगितलेल्या मिस हॉल यांच्या मार्फत त्या डोंगरांत सेवेस आली होती. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं त्यांस पुत्र झाला. त्याचें नांव यिनहुआ ठेविलें. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत कोटणीस तेथील कम्युनिस्ट पक्षांत सामील झाले होते. त्यांचें मत आपलें मत नव्हे. परंतु कोणी शोमरोनी मनुष्याची वाट चालतो तेव्हां त्याला मत विचारण्याआधीं त्याची करुणा पाहावयाची, हें आपणांस शिकविलेलें आहे. म्हणून त्या बाबतींत येथें अधिक लिहीत नाहीं.

आजार व मृत्यु

ह्या सुमारास त्यांस अपस्माराचे झटके येऊं लागले. आपल्याकडे ह्यास मिरगी अथवा फेफरें म्हणतात. ही भूतबाधा नव्हे, मेंदूचा विकार आहे. ज्यास तो आहे त्यास अपुऱ्या झोंपेनें व अतिश्रमानें झटके अधिक येतात, हें आज दवाखान्यांत प्रत्येक मिरगीच्या रोग्यास सांगितलें जातें. कोटणीस स्वतः डॉक्टर होते, आणि त्यांच्या दिनचर्येंत जी वस्तु सर्वांत कमी होती ती झोंप होय.

सहकाऱ्यांच्या व वरिष्ठांच्या डोळ्यांस हें दिसत होतें. आघाडी सोडून सुरक्षित ठिकाणीं जावें व उपचार घ्यावे, असा सल्ला त्यांस देण्यांत आला. त्यांनीं तो मानिला नाहीं. रुग्णालय होतें, विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांसाठीं चिनी भाषेंत शस्त्रक्रियेचें पुस्तक लिहावयास त्यांनीं घेतलें होतें. दिवसा रोगी आणि रात्रीं पुस्तक, असा त्यांचा क्रम झाला.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्रीं लिहीत असतांनाच त्यांस झटका आला. मग एकामागून एक झटके येत गेले. ज्यांस त्यांनीं शिकविलें होतें तेच आतां त्यांस वांचविण्याची खटपट करीत होते. पहांटेनंतर, ९ डिसेंबर रोजीं, त्यांचा प्राण गेला. ज्या थांग तालुक्यांत तीन वर्षांपूर्वीं बेथ्यून वारले होते त्याच तालुक्यांत हें घडलें. कोटणीस यांचें वय ३२ वर्षें व दोन महिने होतें. पुत्र साडेतीन महिन्यांचा होता. पुस्तक अपुरें राहिलें.

मागें राहिलेलीं माणसें

पुढची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं ह्या पथकावर पुस्तक लिहिलें, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं चित्रपट काढिला. त्यांत डॉक्टरांची भूमिका त्यांनीं स्वतः केली. चीनमध्यें शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत कोटणीस यांची समाधि आहे, व बेथ्यून यांचीही तेथेंच आहे. चीननें १९८२ सालीं व भारतानें १९९३ सालीं त्यांच्या स्मरणार्थ टपालाचीं तिकिटें काढिलीं. सोलापुरास त्यांच्या जन्मघरांत स्मारक झालें आहे.

परंतु चित्रपटाचा पडदा पडल्यावर जें उरतें तेंही सांगितलें पाहिजे. एक तरुण स्त्री वर्षभराच्या संसारानंतर विधवा झाली. ती दीर्घायुषी झाली व २०१२ सालीं वारली. म्हणजे पतीच्या मागें तिनें सत्तर वर्षें काढिलीं. पुत्रास बाप आठवण्याइतकाही मिळाला नाहीं. तोही वैद्यक शिकत होता, पण १९६७ सालीं, पंचविशीच्या आंतबाहेर, वारला. सोलापूरच्या घरानें १९३८ सालीं निरोप दिलेला मुलगा पुन्हां पाहिला नाहीं. जो स्वतःस खर्चून टाकितो तो केवळ आपलेंच खर्चीत नाहीं. घरच्यांचा वांटाही त्यांत खर्च होतो, आणि त्यांची संमति घेण्यास बहुधा कोणास सवड नसते.

आणखी एक गोष्ट. जे चौघे परत आले त्यांचीं नांवें आज किती जणांस सांगतां येतील? नागपूरच्या चोळकरांचें नांव वऱ्हाडांत तरी कोण घेतो? प्रकृति बिघडली म्हणून अटल परतले, तें त्यांनीं वाईट केलें काय? डॉ. बसु १९४३ सालीं मायदेशीं आले. चीनमधील सुयांच्या उपचाराची विद्या पुढें त्यांनीं आत्मसात करून ती भारतांत आणिली, व कलकत्त्यास अनेक वर्षें रोग्यांची सेवा केली. जे मरतात त्यांचे पुतळे होतात, आणि जे विश्रांति घेऊन पुन्हां कामास लागतात ते विसरले जातात. आपण अशा रीतीनें मान वांटूं लागलों, तर तरुण डॉक्टर व परिचारिका त्यावरून काय शिकतील?

विचार

कोटणीस यांनीं सल्ला मानावयास पाहिजे होता, असें आम्हांस वाटतें. विश्रांतीनें ते खचित वांचले असते असें कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु सहा महिने ते रुग्णालयापासून दूर राहिले असते तर रुग्णालयास सहा महिने त्यांची उणीव भासली असती. ते गेल्यामुळें ती कायमची भासली. पुस्तक सहा महिने लांबलें असतें. तें त्यांच्या हातून कधींच पुरें झालें नाहीं. असें असूनही त्यांस दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. बाहेर जखमी कण्हत असतां दार लावून निजणें किती कठीण आहे, हें आपण घरीं बसून ठरवूं नये. म्हणूनच विश्रांतीची जबाबदारी एकट्या थकलेल्या मनुष्यावर टाकून चालत नाहीं. त्याला ती स्वतः मागतां येत नाहीं. ती दुसऱ्यांनीं त्यास द्यावी लागते.

शास्त्र वाचणाऱ्यांस ह्यांत नवें कांहीं नाहीं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसलेल्या मोशेला त्याच्या सासऱ्यानें पाहिलें, आणि हें काम एकट्याचें नव्हे, तें वांटून दे, असा उपदेश केला. रतामाच्या झुडपाखालीं मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूतानें प्रथम उपदेश केला नाहीं. त्यास निजूं दिलें, उठवून भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां निजूं दिलें.

काम वांटलें म्हणजे तें लहान होत नाहीं, ह्याचें उदाहरण आपल्या अमरावतीसच आहे. दाजीसाहेब, म्हणजे डॉ. शिवाजीराव पटवर्धन, यांनीं १९४६ सालीं तपोवन येथें कुष्ठरोग्यांसाठीं संस्था उभारली. त्यांनीं रोग्यांस केवळ अंथरुणावर ठेविलें नाहीं. शेती, सुतारकाम, विणकाम अशीं कामें रोग्यांच्याच हातीं दिलीं, आणि संस्थेचा भार वाहणाऱ्यांत रोगीही आले. दाजीसाहेबांनीं वयाचीं नव्वद वर्षें ओलांडलीं आणि १९८६ सालीं ते वारले. कोटणीस यांच्यासारखें युद्ध त्यांच्या वांट्यास आलें नाहीं, म्हणून दोघांची तुलना करणें न्याय्य होणार नाहीं. तरी पुष्कळ हातांनीं उचललेलें ओझें दूरवर जातें, एवढें त्यावरून शिकावें.

वाचकहो, आपल्या गांवांतही ओझें वाहणारीं माणसें आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील एकटा डॉक्टर, उपकेंद्रांतील परिचारिका, घरोघर फिरणारी आशाताई, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र रात्र बसणारा उपदेशक व त्याची पत्नी, हीं तीं माणसें होत. त्यांच्यासाठीं मोठें कांहीं करावयास नको. जें दुखणें सकाळपर्यंत थांबूं शकतें त्यासाठीं परिचारिकेला मध्यरात्रीं उठवूं नये. आजाऱ्याजवळ बसण्याच्या पाळ्या मंडळीनें लावून घ्याव्या, म्हणजे एकाच मनुष्याचें जागरण होणार नाहीं. डॉक्टर सुटीवर गेला तर तो आळशी असें म्हणूं नये. तो परत येईल ह्याचा आनंद मानावा. पूर्वीं हंसून बोलणारी परिचारिका अलीकडे तोडून बोलूं लागली असेल, तर ती गर्विष्ठ झाली असें ठरविण्यापूर्वीं ती शेवटची पोटभर केव्हां निजली ह्याची चौकशी करावी. घरांत मिरगीचा रोगी असेल तर त्याचें औषध चुकूं देऊं नये, आणि त्याची झोंप मोडूं नये.

आणि ह्या आठवड्यांत यांपैकीं एकाच्या घरीं आजार न घेतां जावें. औषध मागूं नये, चिठ्ठी लिहून मागूं नये. त्याची प्रकृति कशी आहे एवढेंच विचारावें, आणि तो उत्तर देईपर्यंत बसून राहावें.